घरात मॉडेल रेल्वे बसवताय? आधी हात कुठवर पोचतो ते मोजा

मॉडेल रेल्वेच्या छंदात शिरणारे बहुतेक जण उलट्या टोकाने शिरतात. आधी इंजिन घेतात, मग त्याला रूळ, मग रुळाखाली टेबल, आणि शेवटी घरात वादाला तोंड फुटतं की हे धूड ठेवायचं कुठे. खाली दिलेला क्रम नेमका त्याच्या उलट आहे. साधा फ्लॅट, आपली धूळ, आपला पावसाळा आणि आपल्या बाजारात मिळणारं सामान एवढं धरून, चालता राहील असा लेआउट, म्हणजे टेबलावरची रूळ-स्टेशन-डोंगरांची अख्खी मांडणी, उभा कसा करायचा ते सांगतो.

सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे: जिथे हात पोचत नाही तिथे रूळ टाकायचा नाही. गाडी घसरते ती तिथेच, सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा फाटा) अडकतो तो तिथेच, आणि जळमटंही तिथेच धरतात.

पुण्यात असाल, किंवा येणं होणार असेल, तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आधी बघून या. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. मात्र गाड्यांवरून नजर काढून रुळाखालची खडी, बोगद्यांची तोंडं, सांध्यांच्या जागा बघा. घसरलेली गाडी कुठून काढता, हे तिथल्या माणसांना विचारलंत तर फेरी वसूल झाली.

१. माप ठरवा, मग दुकानाची वाट धरा

मॉडेल खऱ्या गाडीच्या कितव्या भागाएवढं, यावरून मापांना नावं आहेत. एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. ब्रिटनमध्ये ओओ चालतं. ते १:७६ च्या आसपास असलं तरी रूळ तेच १६.५ मिमीचे, त्यामुळे ओओची इंजिनं एचओच्या रुळावर बिनबोभाट धावतात. फक्त एचओच्या डब्यांशेजारी उभी राहिली की जरा थोराड दिसतात.

नवख्याने एचओ घ्यावं असं माझं ठाम मत आहे. एन कमी जागेत बसतं हे खरं, पण त्याची चाकं इतकी बारीक आणि इंजिन इतकं हलकं असतं की रुळावरचा जरासा मळही त्याला थांबवतो. पंख्याखालच्या आणि रस्त्यालगतच्या घरात एन चालतं ठेवणं म्हणजे रोजची झाडलोट. शिवाय भारतीय इंजिनं आणि डबे मिळाले तर एचओतच मिळण्याची शक्यता जास्त.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नंतर कुणीतरी ती खिजवत सांगेलच. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा. एचओमध्ये तो सव्वाएकोणीस मिमी व्हायला हवा. बाजारातला तयार रूळ १६.५ मिमीचा, कारण तो १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी बनलेला आहे. म्हणजे डब्ल्यूडीएम-२ असो की डब्ल्यूएपी-७, आपलं इंजिन एचओच्या रुळावर थोडं अरुंद पायांवरच उभं राहणार. चोखंदळ मंडळी यावरून झोप घालवतात, तुम्ही घालवू नका. (मापाचा फारच हट्ट असेल तर पुणे मेट्रो करा. ती १४३५ मिमीवरच धावते.) जुन्या नॅरोगेज बार्शी लाइट रेल्वेचं प्रेम असेल तर गंमत अशी की तिचा ७६२ मिमीचा गेज एचओमध्ये पावणेनऊ मिमी होतो, आणि एनचा ९ मिमीचा रूळ तिला चपखल बसतो.

इथला मोठा सापळा म्हणजे मार्कलिन या जर्मन कंपनीचं एचओ. दर्जा उत्तम, पण पद्धत तीन रुळांची: मध्ये टोचण्यांची ओळ असते आणि वीज तिथून घेतली जाते. दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून विलग नसल्याने ते इंजिन साध्या दोन रुळांवर ठेवलं की थेट शॉर्ट. कुणी स्वस्तात जुना मार्कलिन संच देत असेल तर तो पूर्णपणे वेगळा संसार आहे हे समजून घ्या.

२. टेबल: अख्खी शीट भिंतीला चिकटवू नका

प्लाय बाजारात आठ बाय चार फुटांच्या शीटमध्ये, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी, मिळतं. म्हणून पहिल्या लेआउटचं मापही आपोआप तेच ठरतं. ते लांब बाजूने भिंतीला लावलं की पलीकडचा रूळ चार फूट लांब राहतो. मोठ्या माणसाचा हात वाकून फार तर ७५ सेंटिमीटर जातो. मध्ये झाडं, खांब, स्टेशनचं छप्पर आलं की ६० धरा.

त्यामुळे पर्याय दोनच. एक तर टेबलाच्या पायांना ब्रेकची चाकं लावा, म्हणजे पुढे ओढून मागून जाता येईल. नाहीतर टेबल सोडून फळी करा: दोन भिंतींना धरून दीड फूट रुंदीची एल आकाराची फळी, एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला यार्ड. फळीवर गाडी गोल फिरत नाही, पण शंटिंगची, म्हणजे डबे जोडत-सोडत मागेपुढे करण्याची, मजा पुरेपूर मिळते आणि सगळं हाताशी राहतं. लहान मुलं असतील तर मात्र गोल हवाच. येऊन थांबणाऱ्या गाडीवर त्यांचा विश्वास नसतो.

उंची साधारण १०० ते ११० सेंटिमीटर. गाडी वरून बघायची वस्तू नाही. डोळ्यांच्या पातळीच्या जितकी जवळ, तितकी खरी वाटते.

सुताराला पुढच्या गोष्टी कामाआधी सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो:

- १२ मिमीचं मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० छाप असलेलं. कमर्शिअल प्लाय पावसाळ्यात बाक धरतं.
- खाली दोन बाय एक इंचाच्या रिपांची चौकट, दर ४० ते ४५ सेंटिमीटरला आडवी रीप.
- प्रत्येक आडव्या रिपेला बसवण्याआधीच २५ मिमीचं भोक. यातून वायरी जाणार आहेत.
- खिळे नाहीत, स्क्रू. पुढे कधी उघडायचं तर ठोकाठोक नको.
- वर सनमायका नको. सुतार आग्रह करेल, ऐकू नका. सनमायकावर ना खिळा बसत ना फेव्हिकॉल धरत.

प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना प्रायमरचा हात द्या. एकच बाजू रंगवली तर उघडी बाजू दमट हवा पिते आणि शीट वाकते. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. तळमजल्यावर राहत असाल तर वाळवीचं औषध लाकडाला आधीच लावून घ्या. शेवटी पाणसळ दोन्ही दिशांनी लावून बघा. उभे केलेले डबे आपोआप चालू लागले तर यार्डाचा उपयोग शून्य.

३. आराखडा जमिनीवर काढा

संगणकावर आराखडा करायला स्कार्म, एनीरेल अशी सॉफ्टवेअर आहेत. ती चांगली आहेत, पण स्क्रीनवर सगळंच बसतं. म्हणून खाकी कागदाचा रोल आणा, जमिनीवर पसरा, खऱ्या मापात रूळ आखा आणि त्यावर बसून हात लांबवून बघा.

आता आठ बाय चारचाच हिशेब करू. तयार वळणांचे तुकडे ठरावीक त्रिज्येचे येतात. पेको या ब्रिटिश कंपनीच्या संचात दुसरी त्रिज्या ४३८ मिमी, तिसरी ५०५ मिमी. चौथी ५७१ मिमीच्या जवळ, म्हणजे तिचा वर्तुळाकार रूळच ११४३ मिमी रुंद. शीट १२२० ची. गाडी कडेवरून थेट फरशीवर जाणार. तेव्हा तिसरी बाहेरून आणि दुसरी आतून, इथेच थांबा. पहिली त्रिज्या, ३७१ मिमी, छोट्या टँक इंजिनांसाठी ठीक. आपल्या लांब डब्यांना ती सोसत नाही, ते वळणावर एकमेकांचे कोपरे घासतात.

आतल्या गोलाला सरळ भाग किती उरतो? २४४० मधून ८७६ गेले की दीड मीटरच्या थोडं वर, आणि तेही कडेला काही जागा न सोडता. आजच्या एक्सप्रेस गाड्यांचा एलएचबी डबा बफर धरून २४ मीटर, म्हणजे एचओमध्ये २७५ मिमीच्या आसपास. इंजिन आणि चार डबे मिळून सव्वा मीटरच्या वर गेले. लूप लाइनच्या (मुख्य रुळाशेजारी गाडी थांबवायच्या रुळाच्या) दोन्ही टोकांना सांधे आले की उभी राहू शकणारी गाडी तीन डब्यांची. चोवीस डब्यांची खरीखुरी एक्सप्रेस करायची तर साडेसहा मीटरहून लांब फलाट हवा, तो तुमच्या सोसायटीच्या जिन्यातही मावणार नाही. तेव्हा पॅसेंजर, शटल, छोटी मालगाडी, घाटात मागून रेटा देणारी बँकर इंजिनं अशा विषयाकडे वळा. थोड्या डब्यांतही ते पटतात.

चढाचा मोह सगळ्यांनाच होतो, विशेषतः बोरघाट मनात असेल तर. खऱ्या बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात. मॉडेलमध्ये ४० ला १ च्या पुढे जाऊ नका. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर किमान ८० मिमी उंची हवी. ४० ला १ ने ती गाठायला ३.२ मीटर लागतात आणि उतरायला तेवढेच, म्हणजे ६.४ मीटर. आतल्या गोलाचा अख्खा घेर भरतो ५.९ मीटर. म्हणजे आठ बाय चारवर आतल्या गोलाने पुलावरून जाऊन परत खाली येणं गणितातच बसत नाही. वरून कुणी व्हिडिओत करून दाखवलं असेल तर त्याचा चढ किती आणि डबे किती ते मोजा.

घाट दाखवायचाच असेल तर रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली न्या. टेबलाचा पुढचा भाग कापून दरी करा, रूळ तिच्यावरून पुलाने न्या. चढ न घालता उंचीचा भास होतो.

बोगदा हवा असेल तर त्याची मागची भिंत उघडी ठेवा किंवा डोंगर उचलून बाजूला ठेवता येईल असा करा. आणि काही झालं तरी बोगद्यात सांधा नको.

४. खरेदी आणि कागदपत्रं

पैसे खर्च करायचा क्रम: रूळ आणि सांधे, मग कंट्रोलर (गाडीचा वेग आणि दिशा ठरवणारा), मग एक चांगलं इंजिन, मग डबे. एका चांगल्या इंजिनाच्या किमतीत तीन स्वस्त इंजिनं येतात, पण ती तिन्ही अडखळत चालतात.

रूळ निकेल-सिल्व्हर मिश्रधातूचेच घ्या. जुन्या संचांत पोलादी किंवा पितळी रूळ असतात. कोकणपट्टीच्या हवेत पोलाद गंजतं, आणि पितळेवर साचणारा थर वीज अडवतो.

परदेशातून मागवणार असाल तर आधी हे वाचा. लहान मापाच्या प्रतिकृती सीमाशुल्काच्या यादीत खेळण्यांबरोबरच, ९५०३ या शीर्षाखाली येतात. त्यावरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्यामुळे एकट्यादुकट्याचं पार्सल अडकू शकतं. मागवण्याआधी त्या दिवशीचा दर तपासा, आणि इथल्या छंदवस्तूंच्या दुकानाची किंमत जास्त वाटली तरी शुल्क धरून तुलना करा. बऱ्याचदा इथलंच परवडतं.

जवळ ठेवायचे कागद:

- विक्रेत्याचं बिल, त्यात प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत
- पैसे भरल्याची पावती
- कुरिअरच्या केवायसीसाठी आधार किंवा पॅन
- परदेशातून कुणी सामानातून आणणार असेल तर बिल त्यांच्या हातात, इंजिनं केबिन बॅगेत
- प्रत्येक इंजिनाच्या खोक्यातला सुट्या भागांचा नकाशा. हा कागद लोक फेकून देतात, आणि मग बोगी (खालचा चाकांचा सांगाडा) उघडताना स्प्रिंग कुठून उडाली ते कळत नाही

अमेरिकेतून भाचा-पुतण्या संच आणत असेल तर त्यातला वीजपुरवठा बघा. तिथला नुसता १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० च्या प्लगमध्ये घालताच धूर निघेल. तो तिथेच ठेवायला सांगा.

सेकंडहँड इंजिन घेताना रुळावर चालवून घ्या, दोन्ही दिशांना, अगदी सावकाश. खालचा धातूचा साचा भेगाळलेला किंवा फुगलेला दिसला तर सोडून द्या. जुन्या जस्ताच्या ओतकामाला हा रोग असतो आणि त्याला औषध नाही.

आणखी एक फसगत: खोक्यावर ‘डीसीसी रेडी’ लिहिलेलं असतं. डीसीसी म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी पद्धत, आणि तो हुकूम ऐकणारा इंजिनातला भाग म्हणजे डिकोडर. याचा अर्थ आत डिकोडर बसवायची जागा आहे, डिकोडर नाही. तो वेगळा घ्यावा लागतो, आणि सॉकेट आठ पिनचं, एकवीस पिनचं की आणखी वेगळं ते बघूनच.

५. रूळ टाकणं: घाई इथेच नडते

लागणारी हत्यारं फार नाहीत. रूळ कापायचा कटर, बारीक कानस, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि रोझिनवाली सोल्डर वायर, मल्टिमीटर, पोलादी पट्टी, गुण्या, चिमटा, छोटं हँडड्रिल. इलेक्ट्रॉनिकचं सामान पुण्यात पासोड्या विठोबापाशी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. लाकूडकाम भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून.

प्लायवर थेट रूळ टाकला तर गाडीचा आवाज पिंपावर काठी फिरवल्यासारखा येतो. म्हणून खाली ३ ते ५ मिमीचं कॉर्क घाला, फेव्हिकॉलने चिकटवा, पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर वाळू द्या.

मग रूळ. सुरुवात सांध्यांपासून करा आणि सरळ-वळणांनी त्यांना जोडत जा, उलट नको. सांधा पूर्ण सपाट जागी हवा, त्याच्याखाली कॉर्कचा जोड येऊ देऊ नका. प्रत्येक जोडावरून नख फिरवा. नख अडकलं तर चाकही अडकणार. जॉइनरमध्ये (दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या पत्र्याच्या तुकड्यात) रूळ नीट न शिरता त्याच्यावर चढून बसणं हे घसरण्याचं सगळ्यात मोठं कारण. डोळ्यांना ते दिसत नाही, नखाला कळतं.

जोडात फट किती ठेवायची हे तुम्ही कोणत्या महिन्यात काम करताय त्यावर आहे. मीटरभर रूळ २० अंशांच्या फरकाने जेमतेम पाव-तृतीयांश मिलिमीटर वाढतो, पण अनेक तुकडे मिळून ते साचतं, आणि त्यात लाकूडही हवेप्रमाणे कमीजास्त होतं. डिसेंबर-जानेवारीत काम केलं तर प्रत्येक जोडात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट सोडा. ऐन मेमध्ये टाकत असाल तर जवळजवळ भिडवले तरी चालतं. सगळे जोड सोल्डर करून टाकले की उन्हाळ्यात रूळ सापासारखा वळतो. सोल्डर फक्त वळणातल्या जोडांना करा, सरळ भागातले मोकळे ठेवा.

रूळ चिकटवण्याआधी चाचणी. सगळ्यात लांब गाडी घ्या, इंजिन मागे लावून ती उलटी ढकला, प्रत्येक सांध्यातून, दोन्ही बाजूंना. ओढताना लपणारे दोष ढकलताना उघडे पडतात. एकही डबा न उतरता सगळी फेरी पार पडेपर्यंत पुढे जाऊ नका. याला आठवडा लागला तरी लागू दे.

६. वीज

साध्या डीसी पद्धतीत रुळातला व्होल्टेज शून्यापासून १२ पर्यंत कमीजास्त करून वेग ठरतो, आणि धन-ऋण उलटं केलं की दिशा बदलते. एका रुळावर एकच गाडी ताब्यात राहते. डीसीसीत रुळात कायम १४-१५ व्होल्ट असतात, आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाचा हुकूम ऐकतो. नवीन डिकोडरचा क्रमांक बहुधा ३ असतो. दुसरं इंजिन आणलंत की आधी तो बदला, नाहीतर दोन्ही एकदम पळतील.

एक गोल, एक इंजिन असेल तर डीसी पुरे. दोन गाड्यांचा बेत असेल तर थेट डीसीसीकडे जा. तयार संच महाग वाटला तर डीसीसी-ईएक्स नावाचा खुला प्रकल्प आहे: आर्डुइनो मेगा हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, त्यावर रुळाला वीज देणारं मोटर शील्ड, आणि फोनच कंट्रोलर. ज्याला प्रोग्रॅम चढवता येतो आणि सोल्डरिंगची भीती नाही त्याच्यासाठी उत्तम. ज्याला दोन्ही नको त्याने तयार संच घ्यावा, यात कमीपणा नाही.

पद्धत कोणतीही असो, जॉइनरच्या भरवशावर वीज पुढे जाईल असं समजू नका. टेबलाखालून दीड चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरच्या दोन लांब ओळी न्या, एक लाल, एक काळी. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला, निदान दर मीटरला, त्यांतून बारीक वायर वर आणून रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करा. लाल नेहमी पुढच्या रुळाला, काळी मागच्या. प्रत्येक जोडणीनंतर मल्टिमीटर लावून शॉर्ट नाही ना ते बघा. चाळीस जोडण्या करून एकदम तपासलंत तर चूक शोधायला चाळीस सोडाव्या लागतात.

डीसीसी असेल तर शेवटी नाण्याची परीक्षा घ्या. रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. यंत्रणा लगेच बंद पडली पाहिजे. नाणं काढा, थोडं पुढे सरका, परत टेकवा. असं अख्ख्या लेआउटवर फिरा. जिथे ती बंद पडली नाही तिथे वायर कमी पडते आहे. तिथे गाडी घसरली तर डब्याची बोगी वितळेपर्यंत करंट वाहत राहील.

गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर उलट्या तोंडाने परत येत असेल, तर लाल रूळ काळ्याला जाऊन भिडतो. हा उलटा वळसा आराखड्यात दिसत नाही, पहिल्याच फेरीत मात्र शॉर्ट होतो. त्या भागाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून मध्ये इन्सुलेटेड जॉइनर घालावे लागतात आणि दिशा बदलणारं मॉड्यूल लावावं लागतं. पहिल्या लेआउटला हा वळसा घालूच नका.

सांधे हाताने बदलायला हरकत नाही. हात पोचतोय ना? मोटरच हवी असेल तर छोट्या सर्व्हो मोटर स्वस्त पडतात आणि सांधा खऱ्यासारखा सावकाश फिरतो. कॉइलवाल्या मोटरचं बटण पाहुण्यांच्या मुलाने दाबून धरलं की कॉइल जळते.

७. डोंगर, खडी, झाडं

इथवर आलात की गाडी महिनाभर उघड्या लाकडावर चालवा. मगच रंग आणि गोंद काढा.

डोंगरासाठी एक्सपीएस फोम घ्या, गच्चीच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो. वॉटरप्रूफिंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो. फोम किंवा थर्माकोल चिकटवताना पांढरा फेव्हिकॉलच. फेव्हिकॉल एसआर किंवा रबरी सोल्युशन लावलंत तर फोम डोळ्यांदेखत विरघळतो. स्प्रे पेंटचंही तेच.

सह्याद्री करायचा तर आल्प्सच्या व्हिडिओंवरून डोंगर कोरू नका. आपला कातळ बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर पडून झालेला. त्याला आडव्या पायऱ्या असतात, माथा सपाट. फोमच्या शीट एकावर एक रचल्या की निम्मं काम आपोआप होतं. कडा सुरीने तोडून खडबडीत ठेवा, घासून गुळगुळीत करू नका. दिवाळीत किल्ला करणाऱ्या घरांत हे शिकवावं लागत नाही.

ऋतू आधी ठरवा. श्रावणातला घाट आणि मे महिन्यातला घाट यांत एकही रंग सारखा नाही, आणि अर्धं हिरवं अर्धं पिवळं केलं की ते कुठलंच वाटत नाही. कोकणातली लाइन असेल तर माती जांभ्याची तांबडी, देशावर काळी.

खडी बारीक हवी. एचओसाठी दीड मिलिमीटरच्या आतली. दगडाची कच चहाच्या गाळणीने चाळा, वरचं फेका, खालची भुकटीही फेका, मधलं ठेवा. त्यावरून लोहचुंबक फिरवा. लोखंडाचा कण मोटरमध्ये ओढला गेला तर इंजिन गेलं. खडी कोरडी पसरा, स्लीपरच्या वर एकही दाणा राहू देऊ नका, मऊ ब्रशने सारखी करा. मग पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून फवारा मारा, आणि निम्मं पाणी-निम्मा फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा. लिक्विड नसेल तर गोंदाचे मणी होऊन खडीवरून गडगडतात. सांध्याच्या हलत्या जिभेजवळ गोंदाचा थेंबही नको. तिथे खडी रंगाने दाखवा.

झाडांना वाळलेल्या तुळशीच्या काड्या छान. रंगवलेला लाकडाचा भुसा गवत म्हणून चालतो. वापरलेली चहापत्ती माती म्हणून अनेक जण सुचवतात, पण ती कडकडीत उन्हात वाळवून वरून पातळ गोंदाने बंद केली नाही तर जुलैत तिच्यावर बुरशी उगवते.

ओव्हरहेड वायर? खांब उभे करा, वायर ओढू नका. हात घालायचा म्हटलं की ती तुटणार.

८. चालतं ठेवणं

धूळ वरून बसते, तूप-तेलाचा धूर मोकळ्या स्वयंपाकघरातून येतो, आणि रुळावर दोन्हींचा चिकट काळा थर होतो. लेआउट चालू नसेल तेव्हा झाकून ठेवा, पण सुती चादरीने नको. सुताचे तंतू आसाभोवती गुंडाळले जातात. जुनी नायलॉनची साडी किंवा पातळ प्लास्टिक उत्तम.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं फडकं. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते रुळावर पापुद्रा सोडतं. पॉलिश पेपर तर अजिबात नको. त्याचे चरे मळाला घर करून देतात.

इंजिनाची चाकं अशी स्वच्छ करा: कागदी नॅपकीन अल्कोहोलने ओला करून रुळावर आडवा टाका. इंजिनाची अर्धी चाकं कागदावर, अर्धी उघड्या रुळावर येतील असं ते हाताने धरा आणि थोडी वीज द्या. कागदावरची चाकं जागच्या जागी फिरतात आणि दोन काळे पट्टे उमटतात. कागद सरकवत राहा, पट्टे फिके पडेपर्यंत. मग इंजिन फिरवून बाकीची चाकं. डब्यांची चाकं लोक विसरतात. खरं तर मळ फिरवत नेणारी तीच असतात, विशेषतः प्लास्टिकची.

तेल प्लास्टिकला चालणारं, सुईच्या टोकावर येईल इतकंच, आसाच्या टोकाला. जास्तीचं तेल चाकावर उतरतं आणि सगळीकडे पसरतं. खोबरेल थंडीत थिजतं, शिलाई मशीनचं तेल काही प्लास्टिकना मानवत नाही.

मे अखेरीस टेबलाखाली आडवं पडून सगळ्या जोडण्या बघा, सुटलेल्या सोल्डर करा, पाल-झुरळांची वस्ती हटवा. इंजिनं खोक्यांत घालून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. डांबराच्या गोळ्या त्या डब्यात टाकू नका, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिन मऊ पडून चिकटतं. पावसाळाभर पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक इंजिन दहा मिनिटं दोन्ही दिशांना फिरवा, नाहीतर गिअरमधलं ग्रीस घट्ट होतं.

एक वही करा. त्यात कोणती वायर कुठे जाते, कोणत्या इंजिनाचा डीसीसी क्रमांक काय, तेल कधी दिलं आणि गाडी नेमकी कुठे घसरली ते लिहा. एकाच जागी तीनदा नोंद झाली तर डब्यांना दोष देणं थांबवा आणि तिथला रूळ उखडून नव्याने टाका.